पोलीस पाटील गावचाच हवा, पण संपूर्ण गावाचा

रिसोड तालुक्यातल्या केनवडसारख्या गावात रात्री भांडण पेटले, तर ठाणेदार पोहोचायला वेळ लागतो आणि कोर्ट तर फार पुढची गोष्ट. पहिला निरोप जातो पोलीस पाटलाला, कारण तो गावातच राहतो. 1967 चा महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम आणि त्याखालचा 1968 चा सेवाशर्तींचा आदेश यांनुसार पोलीस पाटील त्याच गावचा रहिवासी असावा लागतो.

वरच्या पदांना मात्र उलटा न्याय आहे. फौजदार आणि निरीक्षक यांची एका ठाण्यातली मुदत साधारण दोन वर्षांची. निवडणूक आली की निवडणुकीच्या कामाशी थेट संबंध येणाऱ्या अधिकाऱ्यांना आयोग गृहजिल्ह्याबाहेर पाठवायला सांगतो. उच्च न्यायालयाचा मुख्य न्यायमूर्तीही सहसा बाहेरच्या राज्यातून येतो. सोयरीक, जात, जमीनजुमला आणि राजकारण यांचा दाब पडू नये, हा त्यामागचा हेतू.

दोन्ही नियमांत तथ्य आहे. बाहेरच्याला गाव कळत नाही आणि गावातल्याला गाव सोडत नाही. म्हणून खरा प्रश्न असा, की गावातच राहणारा हा माणूस संकटाच्या वेळी कोणाच्या बाजूने उभा राहतो?

गावात राहण्याची सक्ती आपल्या समाजाला नवी नाही. महार वतनात गावाची चाकरी रात्रंदिवस करावी लागे, अधिकार मात्र शून्य. ती बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे वंशपरंपरागत पाटीलकी कायद्याने गेली. आज या पदांना आरक्षण आहे, लेखी परीक्षा आहे. ज्यांचे पूर्वज पाटलाचा हुकूम झेलत होते, त्यांची मुले-मुली आज पोलीस पाटील होऊ शकतात. हा बदल लहान नाही.

पण नेमणूक मिळाली म्हणजे वजन मिळाले असे होत नाही. खैरलांजी आठवा. सप्टेंबर 2006 मध्ये शेजारच्या गावच्या बौद्ध पोलीस पाटलाला मारहाण झाली. भोतमांगे कुटुंबातल्या सुरेखाताई आणि प्रियंका यांनी आरोपींविरुद्ध साक्ष दिली. आरोपी जामिनावर सुटले आणि 29 सप्टेंबरला सुरेखाताई, प्रियंका, रोशन आणि सुधीर यांची हत्या झाली. म्हणजे शासनाने नेमलेला रहिवासी माणूसही सुरक्षित नव्हता आणि त्याच्यासाठी बोलणारे तर अजिबातच नव्हते.

म्हणूनच ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देण्याची तरतूद महत्त्वाची आहे. गावातल्या माणसाने खबर द्यायची, बाहेरच्या अधिकाऱ्याने तपास करायचा. या साखळीतली एक कडी सुटली तरी न्याय लांबतो.

दुसरी अडचण ‘रहिवासी’ या शब्दाची. गावाकडची आपली कितीतरी मुले पुण्या-मुंबईत, कंपनीत किंवा बांधकामावर आहेत. भरती निघाली की त्यांच्या रहिवासावर हरकत घेता येते. उलट, तालुक्याच्या ठिकाणी बंगला बांधून गावात केवळ रेशनकार्ड ठेवणाराही रहिवासी म्हणून अर्ज करू शकतो. पोटासाठी बाहेर गेलेला आणि सोयीसाठी बाहेर गेलेला, या दोघांना एकाच मापाने मोजता कामा नये. दाखला देताना घर, कुटुंब, मतदार यादी आणि प्रत्यक्ष राहणे या सगळ्याची चौकशी व्हावी.

आपल्या बाजूनेही काम आहे. दहावी उत्तीर्ण आणि 25 ते 45 वयातल्या तरुण-तरुणींनी जाहिरातीकडे लक्ष ठेवावे. आपल्या गावचे पद कोणत्या प्रवर्गाला सुटले आहे, हे उपविभागीय अधिकारी कार्यालयात विचारावे. कागदपत्रे आधीच तयार ठेवावीत. विहारात एमपीएससीची पुस्तके ठेवतो, त्यांच्या शेजारी ग्राम पोलीस अधिनियमही ठेवावा.

आणि नेमणूक आपल्या माणसाची असो वा दुसऱ्या समाजाच्या, अपेक्षा एकच. वस्तीतून हाक आली तरी पोलीस पाटलाने तितक्याच तातडीने निघावे. गावचा रहिवासी असणे ही कायद्याची अट झाली. वस्तीही त्याच गावात मोडते, हे मानणे ही संविधानाची अट आहे.