मुलीचे वजन आणि आईची भूक

वयात आलेल्या मुलीची पाळी चार-चार महिने लांबते. हनुवटीवर केस येतात, चेहरा मुरमांनी भरतो, लग्नानंतर दिवस राहत नाहीत. घरचे म्हणतात, हिचे नशीबच फुटके. शेजारीण नवस सुचवते. डॉक्टर गोळ्या लिहून देतात आणि वजन उतरवायला सांगतात. पण 'जन्मलीस तेव्हा तुझे वजन किती होते?' असे तिला कोणीच विचारीत नाही. आम्ही तोच प्रश्न आज विचारतो आहोत, कारण नशिबाच्या नावावर खपवलेल्या अनेक गोष्टींचे मूळ भाकरीत सापडते.

इंग्लंडमधील डॉ. डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशायरमधील जुन्या जन्मनोंदी तपासल्या आणि जन्मतः कमी वजन व मोठेपणीचा हृदयविकार यांचा संबंध १९८९ साली जगापुढे मांडला. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधील गोऱ्या बाळांचे ३.५ किलो! आपली बाळे स्नायूंनी बारीक, पण अंगावरची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. ज्या माता पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर खात, त्यांची बाळे अधिक भरली होती.

पोटातल्या गर्भाला पुरेसे अन्न मिळाले नाही की शरीर मेंदू वाचवते आणि स्नायू व स्वादुपिंडाच्या वाट्याला येणाऱ्यात काटकसर करते. अशा मुलीचे वजन पुढे वेगाने वाढले तर इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि शरीर ते अधिकाधिक तयार करू लागते. हे जादा इन्सुलिन बीजकोशांना पुरुषी संप्रेरके जास्त बनवायला लावते. पाळी बिघडते ती येथे. स्पेनमधील बार्सिलोना येथे डॉ. लुर्देस इबान्येझ यांनी १९९० च्या दशकात कमी वजनाने जन्मलेल्या मुलींमध्ये हा धागा दाखवला. सर्वच अभ्यासांना तो तितका ठळक आढळला नाही, आणि प्रत्येक बिघडलेल्या पाळीमागे जन्माचे वजनच असते असेही नाही. पण मधुमेहाशी असलेला कमी वजनाचा संबंध पुन्हा पुन्हा सिद्ध झाला आहे.

मग दोष कोणाचा? त्या मुलीचा? तिच्या आईचा? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जन्मवेळी वजन नोंदलेल्या शंभरपैकी १८ बालके अडीच किलोहून कमी भरली. १५ ते ४९ वयाच्या शंभरपैकी ५७ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होते. नवव्या महिन्यापर्यंत मोळी उचलणारी, विटा वाहणारी बाई कोणत्या वस्तीतून येते, हे प्रस्थापितांना ठाऊक नाही काय?

बाबासाहेबांना ते ठाऊक होते. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी स्त्री कामगारांच्या प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलावा, ही त्यांची भूमिका होती. आज २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे. पण ऊसतोडणी करणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या पदरात ती पडत नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. महाराष्ट्रात आदिवासी भागातील गरोदर मातांना २०१५ पासून अमृत आहार योजनेतून एक वेळचे पूर्ण जेवण मिळते. ते राज्यातील प्रत्येक गरीब वस्तीत मिळावे. असंघटित मजूर स्त्रीला गरोदरपणात बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी. जन्माच्या वजनाची नोंद मुलीजवळ कायम राहावी आणि दवाखान्यात ती विचारली जावी.

आणि सरकारकडे बोट दाखवताना आपल्या चुलीकडेही पाहावे लागेल. बाई शेवटी जेवते, उरलेसुरले खाते. गरोदरपणी कमी खाल्ले तर बाळंतपण सोपे जाते, अशी खुळी समजूत आपल्याही घरात आहे. ती गाडून टाका. आज बारा वर्षांच्या मुलीच्या ताटात डाळ, पालेभाजी आणि अंडे पडले, तर उद्या तिच्या लेकीला नशिबाला बोल लावावा लागणार नाही.