मेल ‘सेंट’ दाखवतो, पण समोरच्याला मिळतच नाही. नेमकं अडतं कुठं?

८ ऑक्टोबर २०२५ ला केंद्रीय गृहमंत्री अमित शाह यांनी एक्सवर जाहीर केलं की ते आता झोहो मेल वापरणार. त्यापाठोपाठ बातमी आली, की केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे मेल एनआयसीच्या जुन्या यंत्रणेवरून चेन्नईच्या या कंपनीच्या सर्व्हरवर गेलेत. त्याच महिन्यात, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज सर्व्हर २०१६ आणि २०१९ यांचा सपोर्ट बंद केला. सोशल मीडियावर चर्चा रंगली ती देशी विरुद्ध विदेशीची.

पण मेल सर्व्हर दुरुस्त करणाऱ्या आयटी कन्सल्टंटला विचारा. तो म्हणेल, मेल बहुतेक वेळा कंपनीच्या देशामुळे अडत नाही. तो अडतो डोमेनच्या चार ओळींमुळे.

म्हणजे काय, ते गोंदियाच्या उदाहरणाने बघू. गोंदिया म्हणजे धानाचा जिल्हा, राईस मिलचं गाव. समजा इथल्या एका मिलने स्वतःच्या नावाचं डोमेन घेतलंय आणि तांदळाचं कोटेशन बाहेरच्या राज्यातल्या व्यापाऱ्याला मेल केलंय. मिलच्या कॉम्प्युटरवर मेल ‘सेंट’ दिसतो. व्यापारी म्हणतो, आलाच नाही. दोन दिवस फोनाफोनी होते, तोवर सौदा दुसऱ्याला जातो.

‘सेंट’चा अर्थ एवढाच, की मेल तुमच्या सर्व्हरने घेतला. पुढे तो सर्व्हर इंटरनेटच्या पत्त्यांच्या नोंदवहीत, म्हणजे डीएनएसमध्ये, व्यापाऱ्याचा सर्व्हर शोधतो आणि त्याचं दार वाजवतो. आत घ्यायचं की नाही, हे समोरचा ठरवतो. नाकारलं की परत येतो तो बाऊन्स मेल, ज्यातला इंग्रजी मजकूर कुणी वाचत नाही. कन्सल्टंटचं काम तिथूनच सुरू होतं. (लोक त्याला व्हॉट्सअॅपवर स्क्रीनशॉट पाठवतात आणि नेमका कोड कापलेला असतो!) कोड ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे. मेल रांगेत थांबतो आणि सर्व्हर काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. ५ ने सुरू होत असेल तर नकार कायमचा. जीमेलने ५५० आणि त्यासोबत ५.७.२६ दिलं, तर अर्थ सरळ आहे: तुम्ही सांगता ते तुम्हीच आहात याचा पुरावा नाही.

हा पुरावा म्हणजे डीएनएसमधल्या नोंदी. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवरची डिजिटल मोहोर, जिची खूण डीएनएसमध्ये ठेवलेली असते. डीमार्क म्हणजे या दोन्हींत मेल बसला नाही तर त्याचं काय करायचं, याची सूचना. चौथी नोंद एमएक्स, येणारे मेल कुठे उतरवायचे ते सांगणारी. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचं केलं. जीमेलने तर लहान पाठवणाऱ्यांनाही पहिल्या दोनपैकी एक तरी हवंच, असं सांगितलं. मे २०२५ पासून आउटलुकनेही मोठ्या पाठवणाऱ्यांसाठी तोच रस्ता धरला. म्हणजे वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेली व्यवस्था, तुम्ही काहीही न बदलता, एक दिवस बंद पडू शकते.

सर्व्हर बदलताना तर हमखास घोळ होतो. नव्या कंपनीने दिलेली एसपीएफची ओळ कुणीतरी जुनीच्या खाली चिकटवतो. नियम असा, की एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद. दोन झाल्या की तपासणी चूक देते आणि दोन्ही निकामी ठरतात. किंवा नोंद बरोबर असते, पण वेबसाइटच्या फॉर्ममधून जाणारे मेल भलत्याच होस्टिंग सर्व्हरवरून निघत असतात आणि त्याचं नाव यादीत नसतं. काही जण ऑफिसच्या ब्रॉडबँडवर स्वतःचाच सर्व्हर थाटतात. अशा कनेक्शनचे आयपी पत्ते स्पॅमच्या याद्यांमध्ये आधीच असतात. तिथे डोकं आपटण्यात अर्थ नाही.

या नोंदींचा संबंध थेट पैशाशीही आहे. ‘आमचं बँक खातं बदललंय, रक्कम नव्या खात्यात टाका’ असा मिलच्या नावाने मेल जातो आणि व्यापारी पैसे भरून मोकळा होतो. डीमार्क कडक असेल तर तुमच्या नेमक्या पत्त्यावरून केलेली नक्कल अडते. एक अक्षर बदललेलं डोमेन मात्र अडत नाही, आणि मिलचा पासवर्डच चोरीला गेला असेल तर काहीच अडत नाही. खातं बदलल्याचा मेल आला की जुन्या नंबरवर फोन करून खात्री करा. पैसे गेलेच असतील तर १९३० वर लगेच तक्रार करा.

मग देशी-विदेशीचा मुद्दा फालतू का? नाही. जुलै २०२५ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जीवर युरोपीय संघाने निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने कंपनीची सेवा थांबवली. पैसे भरलेले असूनही आमचाच डेटा आम्हाला मिळत नाही, असं म्हणत नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली. काही दिवसांत सेवा सुरू झाली. पण कर्मचाऱ्यांचे आउटलुक मेल दुसऱ्याच देशाच्या निर्णयाने बंद पडू शकतात, हे दिसलं.

पर्याय उरतो तो डोमेन हातात असला तरच. मेल कुठे उतरवायचे ते डोमेनच्या मालकाला बदलता येतं, मग सर्व्हर झोहोचा असो, गुगलचा की रेडिफचा. जुने मेल मात्र वेगळी प्रत काढून ठेवली असेल तरच सोबत येतात. लहान धंद्यात डोमेन बऱ्याचदा वेबसाइट करून देणाऱ्या पोराच्या ईमेलवर नोंदलेलं असतं. तो पुण्याला नोकरीला गेला, नंबर बदलला, की नूतनीकरणाची सूचनाही त्यालाच जाते. मिलचे सगळे मेल एका सकाळी का बंद पडले, ते त्या दिवशी कुठल्याच बाऊन्समध्ये लिहिलेलं नसतं.