राजीची भाऊबीज

दिवाळीला बहिणीची मुले भंडाऱ्यास आली, की आमच्या टेबलावरचे तपासायचे पेपर कपाटात जातात आणि तेथे त्यांचा संगणक विराजमान होतो. एरवी त्या खेळांना नावे ठेवण्यात आमचा पहिला नंबर. यंदा नववीतल्या भाचीने फर्मावले, “मामा, एकदा खेळून तर बघ, मग बोल!” बसलो, आणि खरे सांगायचे तर पहिल्या रात्री साडेबारापर्यंत उठलो नाही.

खेळाचे नाव ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या मंडळींनी तो रचला आणि २०२० साली तो बाहेर आला. राजी ही सर्कशीत कसरती करणारी पोर. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवतात आणि ती दुर्गेचा त्रिशूळ घेऊन त्याच्या शोधास निघते. भाऊबीजेच्या तोंडावर हे पाहताना मौज वाटली. रक्षण करायचे ते भावाने, अशी आपली रीत. येथे ताट उलटे फिरले आहे!

अशा खेळांतले नायक उड्या मारतात, पण का मारतात हे कोणी सांगत नाही. राजीचे तसे नाही. उड्या हाच तिच्या पोटापाण्याचा धंदा. म्हणून ती भिंतीवरून धावली, खांबाला गिरकी घेऊन असुरावर कोसळली, तरी खोटे वाटत नाही. भोवताली राजस्थानी वळणाचे महाल, रंगसंगती पहाडी चित्रांची, आणि मधली कथा सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेली. वाटेत भिंतींवर देवादिकांची चित्रे येतात, तेथे भाचीने मला दोनदा ओढून पुढे नेले.

आता उणे. पाहण्याची जागा खेळानेच ठरवलेली; मान वळवण्याची सोय नाही. त्यामुळे समोरचा कठडा हातभर दूर की चार हात, हे कळेपर्यंत राजी दरीत! मी तिला इतक्यांदा पाडले, की पुढे मोजणे सोडले. असुरांशी झुंजीही उत्तरार्धात त्याच त्या होतात. आणि पुण्यात घडलेल्या खेळात दुर्गा प्रथम इंग्रजीत बोलली. हिंदी तिच्या तोंडी नंतरच्या आवृत्तीत आली. मराठीच्या मास्तराला हे बोचणारच.

पण खरी तक्रार शेवटाची. रंग भरला असे वाटते न वाटते तोच पडदा! आमच्याकडे दिवाळीनंतर मंडईच्या रात्री झाडीपट्टीची नाटके पहाटेपर्यंत चालतात. तेथे कोणी असा अर्ध्यावर पडदा पाडून पाहावा; प्रेक्षक त्याला गावाबाहेर जाऊ देणार नाहीत.

दुसऱ्या रात्री खेळ संपला, तेव्हा सहा वर्षांचा भाचा बहिणीला चिकटून बसला होता. “ताई, मग पुढे?” ताईजवळ उत्तर नव्हते. तो झोपेना. अखेर पुढचे कथानक मलाच रचावे लागले. त्यात राजी आणि गोलू वैनगंगा ओलांडून मंडईला आले, जिलबी खाल्ली, आणि भाडे कोणी द्यायचे यावरून कडकडून भांडले.