पोर सांभाळण्याचा भाव

गेल्या महिन्यांत आमच्या गांवचे एक सुतार संध्याकाळीं शाळेच्या ओट्यावर येऊन बसले. नांगर लोखंडाचे झाले, दारें-खिडक्या तालुक्याहून तयार येऊं लागल्या, सुताराच्या हाताला काम उरलें नाहीं, हें त्यांचें नेहमींचें गाऱ्हाणें आधीं झालें. मग त्यांनीं खिशांतून एक कागद काढला. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलीला पुण्यास एका घरीं दहा महिन्यांचें मूल सांभाळण्याचें काम एका एजन्सीमार्फत मिळत होतें. चोवीस तास तेथेंच राहावयाचें, जेवणखाण त्यांचें आणि पगार महिना १८,००० रुपये. तसलेंच दुसरें काम तालुक्याच्या गांवीं एका नोकरदार जोडप्याकडे चालून आलें होतें. तेथें सकाळीं नऊ ते संध्याकाळीं सहा, रविवार मोकळा, पगार ७,०००. सुतार म्हणाले, "गुरुजी, पोर तेवढंच, काम तेच. मग इथं सात आन् तिथं अठरा, असं कसं? आन् अठरा मिळत असतील तर सात कोण घेईल?"

हे दोन प्रश्न आज पुष्कळ घरांत विचारले जात आहेत. ज्यांची शेती दोन-तीन एकरांवर आली, किंवा ज्यांचा बापजाद्यांचा धंदा बसला, त्यांच्या लेकी-सुना शहरांत मूल सांभाळावयास जातात. त्यांना भाव कोण सांगतो? एजन्सीवाला सांगतो, नाहींतर आधीं गेलेली एखादी मावशी-चुलती सांगते. लासलगांवास कांदा काय भावानें गेला हें आमचा शेतकरी रोज पाहतो. पोटच्या पोरीच्या श्रमाचा भाव मात्र ऐकीव आंकड्यावर ठरवितो. म्हणून या आठवड्यांत इतर विषय बाजूस ठेवून याच विषयावर लिहीत आहोंत.

पहिल्यानें हिशेब करूं. दिवसाचे २४ तास, महिन्याचे ३० दिवस, म्हणजे ७२० तास. १८,००० ला ७२० नें भागा. तासाला २५ रुपये पडतात. तालुक्याचें काम दिवसाला ९ तास, महिन्याला २६ दिवस, म्हणजे २३४ तास. ७,००० ला २३४ नें भागा. तासाला जवळजवळ ३० रुपये. रक्कम पुण्याची मोठी, पण तास तालुक्याचा महाग! कोणी म्हणेल, मुलगी रात्रीं झोपणारच, ते आठ तास कशाला धरतां? बरें, नाहीं धरले. मग पुण्याचा भाव तासाला साडेसदतीस रुपये होतो. परंतु दहा महिन्यांचें मूल आठ तास सलग झोपूं देतें असें ज्याला वाटतें, त्यानें तें मूल एक रात्र आपल्या अंथरुणांत घेऊन पाहावें.

आम्ही एकांगी बोलत नाहीं. पुण्यास जेवण-राहणें फुकट, म्हणून घरीं येणारा पैसा पुण्याचाच अधिक असेल. तालुक्याच्या पगारांतून डबा आणि बसभाडें वजा होईल. कर्जाचा हप्ता दारांत उभा असेल तर बाप मोठ्या रकमेकडेच पाहणार, त्याला दोष कोण देईल? आमचें म्हणणें एवढेंच कीं, ते १८,००० मूल सांभाळण्याचा भाव नव्हे. मुलीचा सबंध दिवस, सबंध रात्र, तिचा सण, तिची मैत्रीण, तिचें आजारीपण, हें सारें एका पिशवींत घालून केलेलें तें मोल आहे.

आतां भाव जागोजागीं निराळा कां पडतो? मूल सांभाळणारीचा पगार बहुधा त्या मुलाच्या आईच्या कमाईच्या मापानें ठरतो. जी आई स्वतः दिवसाला तीनशें रुपये मिळविते ती दुसरीला तीनशें कोठून देणार? म्हणून खेड्यांत हें काम पैशानें होतच नाहीं. तालुक्याला शिक्षिका, परिचारिका, बँकेंतली बाई असते, तेथें थोडा भाव निघतो. संगणकाच्या कंपनींत दोघेंहि कामाला असलीं कीं भाव चढतो. एका पुण्यांत तरी एकच भाव कोठें आहे? इमारतीला लागूनच वस्ती असेल तर एका कामाला दहाजणी दारांत उभ्या राहतात आणि भाव पडतो. बाईला दोन बसगाड्या बदलून यावें लागतें तेथें भाव वाढतो खरा, पण वाढलेला पैसा आणि वरचे दोन तास रस्त्यांतच जातात. मूल सगळीकडे सारखेंच रडतें. त्याच्या रडण्याचा आणि पगाराचा कांहीं संबंध नाहीं.

कायदा काय म्हणतो? जागेप्रमाणें मजुरीचे दर निराळे ठेवण्याची मोकळीक १९४८ सालच्या किमान वेतन कायद्यांत होती, आणि त्याच्या जागीं आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेंतहि भागाभागाप्रमाणें तळाचा दर निराळा ठेवण्याची सोय आहे. पण तळ असावा लागतो, तेव्हां वरचें-खालचें बोलतां येतें. शेजारच्या कर्नाटकानें घरकाम करणाऱ्यांसाठीं किमान दर २००४ सालीं ठरविले. आमच्या राज्यानें २००८ सालीं घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. तो कल्याणाचा कायदा आहे, त्यांत भाव ठरत नाहीं. २०११ सालीं आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेंत घरकामगारांचा १८९ क्रमांकाचा करार झाला, हिंदुस्थाननें त्याच्या बाजूनें मत दिलें आणि घरीं येऊन त्याला मान्यता देण्याचें राहून गेलें. सुप्रीम कोर्टानें जानेवारी २०२५ मध्यें घरकामगारांच्या कायद्याचा विचार करण्यासाठीं समिती नेमावी असें केंद्र सरकारास सांगितलें. पुण्याच्या मोलकरणी मात्र समितीची वाट पाहत बसल्या नव्हत्या. त्यांनीं १९८० सालींच संप केला, आणि त्यांतून त्यांची संघटना उभी राहिली.

आमच्या खेड्यांत मूल सांभाळण्याचा भाव कधीं सरकारी कागदावर लिहिला गेला काय? गेला, पण पुष्कळांना तें ठाऊक नाहीं. २००५ सालच्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यांत एक कलम होतें. कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालील पांच किंवा अधिक मुलें असलीं तर त्यांच्यांतल्याच एकीला मुलें सांभाळावयास बसवावें, आणि तिला माती उपसणारीइतकाच रोज द्यावा. म्हणजे पोर सांभाळणें हें खोदण्याइतकेंच काम, असें सरकारनें लिहून दिलें होतें! २०२४-२५ सालीं हा रोज महाराष्ट्रांत २९७ रुपये होता. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३७ रुपये. पुण्याच्या माडीवरच्या भावाशीं ताडून पाहा.

आणि जागेचा खेळ येथेंहि होताच. त्याच वर्षीं सिंधुदुर्गाच्या सीमेपलीकडे गोव्यांत रोज ३५६ रुपये, चंदगड-गडहिंग्लजच्या पलीकडे कर्नाटकांत ३४९, नंदुरबारच्या पलीकडे गुजराथेंत २८०, आणि गोंदियाच्या पलीकडे मध्यप्रदेशांत २४३. बांधाच्या अलीकडे बाभळीखालीं बसून पांच पोरें सांभाळणारीला जें मिळे, तें पलीकडे बसलेलीला ५९ रुपयांनीं अधिक किंवा ५४ रुपयांनीं कमी. मुलें जड-हलकीं होतीं म्हणून नव्हे. प्रत्येक राज्याचा आरंभींचा दर निराळा होता, त्यावरच महागाईची भर पडत गेली, म्हणून. डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें त्या कायद्याच्या जागीं नवा कायदा मंजूर केला आहे. नांव बदललें तरी माती तीच, पोरें तींच. गांवांत काम निघेल तेव्हां "मुलें सांभाळावयास कोणाला बसविलें?" हा प्रश्न बायकांनीं रोजगार सेवकाला उभ्या उभ्या विचारावा.

जागा बदलली कीं भाव आपोआप चढतो, या भ्रमावर एक जुनी हकीकत आठवते. इंग्रजी अमलांत साहेबाची मुलें सांभाळीत आमच्या देशांतल्या आया बोटीनें विलायतेस जात. तेथें पोंचल्यावर कित्येकींना परतीचें भाडें न देतां तशाच सोडून देत. लंडनच्या हॅक्ने भागांत अशा आयांसाठीं एक घर होतें. १९०० ते १९२१ या काळांत तें ज्या इमारतींत होतें तिच्यावर २०२२ सालीं स्मृतीची पाटी बसविण्यांत आली. बाई मोठ्या शहरांत गेली, पण परतीचें भाडें दुसऱ्याच्या हातांत राहिलें, म्हणजे भाव मागण्याचें बळहि त्याच्याच हातांत राहिलें. आजची मुलगी बोटीनें जात नाहीं. पण शहरांत पोंचल्यावर तिचें ओळखपत्र आणि पहिल्या महिन्याचा पगार एजन्सीच्या कपाटांत राहणार असेल, तर फरक फारसा नाहीं.

इतका वेळ आम्ही शहराचा आणि सरकारचा हिशेब मांडला. आतां आमच्या घरचा. खेड्यांत मूल सांभाळण्याचा भाव शून्य आहे असें म्हणतात, तें खोटें आहे. तो भाव थोरली मुलगी भरते. कापसाची वेचणी लागली कीं आमच्या हजेरीपटावर मुलींच्या नांवांपुढें गैरहजेरीच्या खुणा दिसूं लागतात. आई वेचणीला, आजी दुखण्यानें बसलेली, मग दीड वर्षांच्या भावाला कोण घेणार? अंगणवाडी आहे, परंतु तेथें बसवून शिकवितात तें तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. त्याखालच्या मुलाला घरीं न्यावयाचा शिधा मिळतो, सांभाळणारें माणूस मिळत नाहीं. परक्याच्या घरीं चौदा वर्षांखालील मूल कामाला ठेवणें १० ऑक्टोबर २००६ पासून गुन्हा आहे. आपल्याच घरीं तीच मुलगी तेंच काम सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत करते, तेव्हां तिला गुणाची पोर म्हणतात.

यांत आमचाहि वांटा आहे, तो लपविणें बरें नव्हे. कांहीं वर्षांपूर्वीं पांचवींतली एक मुलगी भावाला कडेवर घेऊन वर्गांत येत असे. मूल रडे, मुलें हंसत, धडा मोडे. एके दिवशीं आम्हीं तिला सांगितलें, "याला घरीं ठेवून ये." ती उठली, पाटी-दप्तर घेऊन गेली. तिनें आमचा शब्द तंतोतंत पाळला. मुलाला घरीं ठेवलें आणि त्याच्याबरोबर स्वतःहि राहिली. पुढें आम्ही दोनदां घरीं गेलों, पण तोंवर तिच्या हाताची सवय घराला लागली होती. गणितांत ती वर्गांत पहिली असे. त्या मुलाला सांभाळण्याचा भाव किती पडला, हें कोणत्या कोष्टकांत मांडावयाचें?

अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची 'पालना' नांवाची केंद्राची योजना २०२२ पासून आहे. ग्रामसभेंत सभामंडपाचे आणि कमानीचे ठराव दर वर्षीं होतात. पाळणाघराच्या मागणीचा ठराव एकदां करावा. आणि त्यांत काम करणारीला मानधन म्हणूं नये, पगार म्हणावा. केंद्रानें २०१८ सालीं अंगणवाडी मदतनिसाच्या मानधनाचा आंकडा महिना २,२५० रुपये ठरविला, त्यावर ज्या त्या राज्यानें आपापल्या मर्जीनें भर घातली. २०२३ सालीं महाराष्ट्रांत तो सगळा मिळून ५,५०० झाला. कामाचे तास थोडे आहेत असें सरकार म्हणतें. शब्दांत मान घातला म्हणजे धन कमी दिलें तरी चालतें, असा कांहीं हिशेब असावा.

सुतारांना आम्हीं एका कागदावर विचारावयाच्या गोष्टी लिहून दिल्या. रात्रीं मुलाला कोण उठून घेणार. आठवड्याची सुट्टी कोणती. मूल सांभाळण्याच्या नांवाखालीं भांडीं, फरशी, स्वयंपाक येतो काय. पगार मुलीच्या स्वतःच्या खात्यांत कोणत्या तारखेला जमा होणार. एजन्सी किती महिन्यांचें किती कापणार. मन न रमल्यास परत येण्याचें भाडें कोणाचें. आणि फोन तिच्या हातांत राहणार कीं मालकिणीच्या. त्यांनीं तेथूनच एजन्सीला फोन लावला. सुट्टीचा प्रश्न निघतांच "आमच्याकडे अशा पन्नास मुली आहेत" म्हणून पलीकडून फोन ठेवला गेला. सुतार कागदाकडे पाहत बसले.

त्यांची मुलगी इतका वेळ ओट्याच्या पायरीवर बसली होती. तिला काय वाटतें हें बापानें विचारलें नव्हतें, आणि इतका हिशेब शिकवून आम्हींहि नव्हतें. ती म्हणाली, "गुरुजी, मला बाहेरून बारावी द्यायचीय, रविवार पाहिजेच. तालुक्याचंच घेते. पण सात हजारांत बस आन् डबा धरलेला नाही." तिनें स्वतः त्या बाईंना फोन केला, बायकांना एस. टी. ला अर्धें तिकीट असल्याचें आपण होऊन सांगितलें आणि तेवढाच खर्च वर मागितला. साडेसात हजार आणि दुपारचें जेवण असें ठरलें. सोमवारपासून ती साडेसातच्या गाडीनें जाते.