हजेरीपट आडवा वाचा

महिनाअखेरीला आपण हजेरीपटातल्या रोजच्या उभ्या बेरजा मांडतो, सरासरी उपस्थिती काढतो आणि वर पाठवतो. 30 मुलांच्या वर्गात ती 90 टक्के आली की समाधान वाटते. पण त्या आकड्यामागे दोन अगदी वेगळे वर्ग असू शकतात. एकात सगळीच मुले अधूनमधून एखादा दिवस घरी राहतात. दुसऱ्यात तीच तीन मुले महिनाभर फिरकत नाहीत. सरासरी दोन्हीकडे सारखीच. मूल सापडते ते आडव्या ओळीत.

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस शाळा ठरवली आहे. त्यातला दहावा हिस्सा, म्हणजे 20 दिवस बुडाले की ती चिंतेची गैरहजेरी, असा निकष अनेक ठिकाणी वापरतात. महिन्याला जेमतेम दोन दिवस! एवढ्या खाड्यांची चौकशी कोणी करत नाही, आणि तिथेच मूल हातातून निसटू लागते. खाडे आठवडी बाजाराच्या दिवशीच पडतात का, ते पाहा. आई भाजी विकायला गेल्यावर धाकट्याला सांभाळायला चौथीतली मुलगी घरी थांबत असेल. सातवी-आठवीतली मुलगी दर महिन्याला तीन-चार दिवस येत नसेल, तर आधी शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का ते बघा. पालकांना नोटीस धाडून यातले काहीच सुटत नाही.

बीडसारख्या जिल्ह्यात तर खाडे सहा-सहा महिन्यांचे असतात. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतात त्या उन्हाळ्यातच परततात, आणि मुकादमाची उचल घेतलेल्या जोडप्याला मागे राहता येत नाही. या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मूल गावातच, बहुधा आजी-आजोबांपाशी राहते. त्याच्या जेवणाखाण्याची सोय शाळेमार्फत होते. कारखान्यावरच्या तात्पुरत्या वर्गापेक्षा आम्हाला ही सोय कितीतरी चांगली वाटते, कारण शाळा, बाई आणि सवंगडी तेच राहतात. मात्र मंजुरी टोळी निघण्याआधी हाती हवी. फडावर पोचलेले मूल परत आणणे फार कठीण. जे जाणारच, त्यांच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्या आणि तिथल्या शाळेला फोन करा.

दिवाळीची सुट्टी लागण्यापूर्वी गेल्या वर्षीचा हजेरीपट काढा. नोव्हेंबरनंतर ज्यांच्या ओळी रिकाम्या आहेत, त्यांची नावे उतरवून घ्या आणि टोळ्या हलण्याआधी त्या घरी जाऊन या.