वस्तीचा आराखडा कोणी काढावयाचा?

शहराचे नाव बदलावयास शासनाची एक अधिसूचना पुरते. मलिक अहमदने वसविलेले अहमदनगर २०२४ साली अहिल्यानगर झाले. नाव कोणते असावे यावर पुष्कळ बोलले गेले. पण त्याच शहरात पत्र्याच्या आणि ताडपत्रीच्या छपराखाली दिवस काढणाऱ्या कुटुंबांच्या पत्त्यात या बदलाने काय फरक पडला, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. ज्यांच्या घराची नोंद कोणत्याही उताऱ्यावर नाही, त्यांना शहराचे नाव काय आणि वेशीवरची पाटी कोणती, हे दोन्ही सारखेच परके.

या शहराशी समाजवादी चळवळीचे नाते जुने आहे. काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी अच्युतराव पटवर्धन नगरचेच. बेचाळीसच्या लढ्यानंतर नेहरू, पटेल आणि मौलाना आझाद यांच्याबरोबर आचार्य नरेंद्र देव याच शहरातील भुईकोट किल्ल्यात बंदिवासात होते. ज्या गावाने स्वातंत्र्याचे स्वप्न पाहणाऱ्यांना कोठडी दिली, त्या गावात स्वातंत्र्याच्या पाऊणशे वर्षांनंतरही कष्टकऱ्याला हक्काची खोली मिळू नये, यात काहीतरी फार खोलवर चुकले आहे.

नगर जिल्ह्याला सामुदायिक कार्याची ओळख नव्याने करून द्यावयास नको. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील यांची चिकाटी आणि धनंजयराव गाडगीळ यांची दृष्टी यांच्या बळावर सामान्य शेतकऱ्यांनी भांडवलदारावाचून कारखाना उभा करून दाखविला. राळेगण सिद्धी आणि हिवरे बाजार या गावांनी पाणी अडविण्याचे आणि चराईवर बंधन घालण्याचे निर्णय गावाच्या सभेत घेतले व पाळले. पण याच जिल्ह्याच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दरवर्षी हजारो कुटुंबे कोयता घेऊन बाहेर पडतात आणि उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत सहा महिने काढतात. सहकाराने ऊस पिकविणाऱ्याला मालक केले, तोडणाऱ्याला छप्परही दिले नाही. दुष्काळी तालुक्यांतून उखडलेला माणूस शेवटी शहराची वाट धरतो आणि नाल्याच्या काठी, ओसाड सरकारी जागेवर चार बांबू रोवतो. शहरातील झोपडपट्टीची मुळे अशी खेड्यातील विषमतेत आहेत. म्हणून झोपडपट्टी म्हणजे शहराला जडलेला रोग, ही सुखवस्तू माणसाची समजूत मुळातच खोटी आहे. शहर स्वस्तात चालावे यासाठी जी माणसे लागतात, त्यांना राहावयास जागा न देण्याची जी व्यवस्था केलेली असते, तिचे नाव झोपडपट्टी.

नगर शहरातील संजयनगर ही अशीच एक वस्ती. तेथील २९८ कुटुंबांच्या पुनर्वसनाचे जे काम गेल्या काही वर्षांत झाले, त्याची दखल कार्यकर्त्यांनी घेतली पाहिजे. महानगरपालिका, नगरची स्नेहालय ही संस्था, मुंबईचा कम्युनिटी डिझाइन एजन्सी हा वास्तुशिल्पकारांचा गट आणि करी स्टोन फाउंडेशन हा परदेशी न्यास यांनी प्रधानमंत्री आवास योजनेचे अनुदान जोडून हे काम हाती घेतले. अनुदान, न्यास आणि संस्था अनेक ठिकाणी असतात. येथील वेगळेपण कामाच्या पद्धतीत आहे. वस्तीतील लोकांना शहराबाहेर नेऊन टाकले नाही, जेथे ती माणसे राहत होती तेथेच टप्प्याटप्प्याने पक्की घरे बांधावयाचे ठरले. आणि घर कसे असावे हे ठरविण्याआधी त्या घरात राहणाऱ्यांना विचारण्यात आले.

विचारले म्हणजे काय झाले? कागदावर खोल्यांची चौकट आखणाऱ्या अभियंत्याला ठाऊक नसलेल्या गोष्टी पुढे आल्या. वस्तीतील बाईचे निम्मे आयुष्य उंबऱ्याबाहेर जाते. भाजी निवडणे, धुणे, लेकराला सांभाळणे, शेजारणीजवळ चार शब्द बोलणे, हे सारे दारापुढच्या हातभर जागेत चालते. ती जागा हिरावून घेऊन तिला चौथ्या मजल्यावरच्या बंद खोलीत नेऊन ठेवले, तर भिंती पक्क्या होतात आणि जगणे आक्रसते. संजयनगरच्या आराखड्यात इमारती मोकळ्या चौकांभोवती रचल्या आणि व्हरांडे रुंद ठेवले, त्याचे कारण हे आहे. सरकारी योजनेच्या पहिल्या टप्प्यात दुर्बल घटकांच्या घराला ३० चौरस मीटर चटईक्षेत्राची मर्यादा होती. एवढ्याशा घरात पाच-सहा माणसांचा संसार मावत नाही, तो व्हरांड्यात आणि चौकातच मावतो. लोकांनी सांगितले नसते तर हा हिशेब कोणत्याही निविदेत आला नसता.

यावर ‘एवढा खटाटोप कशासाठी? मुंबईसारखी योजना आणावी, विकासकाला जमीन द्यावी, तो झोपडीवाल्यांना फुकट घरे बांधून देईल,’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मुंबईत १९९५ पासून हा मार्ग चालू आहे. त्याचे तत्त्व असे की जमिनीच्या एका भागावर झोपडीवासीयांना दाटीवाटीने उंच इमारतींत बसवावे आणि मोकळ्या झालेल्या भागावर विकासकाने बाजारभावाने घरे विकून खर्च व नफा वसूल करावा. या गणितात गरिबाच्या घराची किंमत शेजारच्या श्रीमंत ग्राहकाने मोजावयाची असते. जेथे जमिनीला सोन्याचा भाव आहे तेथेच हे गणित जुळते, आणि तेथेही ते विकासकाच्या सोयीने जुळते. नगर, बीड, परभणी यांसारख्या शहरांत जमिनीला तो भाव नाही, म्हणून विकासक तिकडे फिरकत नाही. मग छोट्या शहरातील गरिबाने काय करावयाचे? आपल्या शहरातील जमीन महाग होईपर्यंत पत्र्याखाली वाट पाहावयाची? ज्या योजनेचा पाया नफ्यावर आहे, ती नफा नसेल तेथे पोहोचतच नाही. म्हणून लोकांच्या सहभागाचा मार्ग हा छोट्या शहरांपुढील अनेक पर्यायांपैकी एक आहे, असे म्हणणे पुरेसे नाही. बहुतेक ठिकाणी तो एकमेव मार्ग आहे.

महाराष्ट्राला हा मार्ग नवा नाही. मृणालताई गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषद स्थापून गोरेगावजवळ दिंडोशी येथे सुमारे सहा हजार घरे उभी केली. ती जमीन कोणाच्या औदार्याने मिळाली नव्हती. १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याने अतिरिक्त ठरलेली जमीन गरजूंच्या घरांसाठीच वापरली पाहिजे, असा आग्रह धरून रस्त्यावर आणि न्यायालयात दीर्घकाळ लढावे लागले. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांनी नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली अशीच झुंज दिली आणि कुंभारी येथे त्यांची १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ साली प्रत्यक्षात आली. पुढे ३०,००० घरांचा रे नगर प्रकल्प आखला गेला व त्यातील १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या ताब्यात आली. पक्ष वेगळे, शहरे वेगळी. पण दोन्हीकडे संघटना आधी उभी राहिली, घरे मागाहून आली.

संजयनगर आणि दिंडोशी यांतील फरक येथेच आहे, आणि तो स्पष्टपणे मांडला पाहिजे. संजयनगरच्या कामामागे सद्भावना आहे, कौशल्य आहे, लोकांविषयी आदर आहे. पण उद्या न्यासाने हात आखडता घेतला, पालिकेतील उत्साही अधिकारी बदलून गेला, तर शेजारच्या वस्तीचे काय? तिला हे सारे मागण्याचा कोणता अधिकार आहे? सद्भावनेतून उभे राहिलेले काम वाट दाखविते, पण त्या वाटेवर सर्वांना नेण्याचे सामर्थ्य तिच्यात नसते. ते सामर्थ्य कायद्यातून येते आणि कायदा लढ्यातून येतो.

याच ठिकाणी कट्टर टीकाकार पुढे येतो. तो म्हणतो, १८७२ साली एंगेल्सने घरांच्या प्रश्नावर लेख लिहून सांगितलेच होते की भांडवली व्यवस्था हा प्रश्न सोडवीत नाही, ती गलिच्छ वस्ती एका जागेवरून उठवून दुसऱ्या जागी नेते. मग व्यवस्था बदलण्याचे काम सोडून व्हरांड्याची रुंदी मोजत कशाला बसावयाचे? एंगेल्सचे निदान आजही खरे आहे, हे कबूल करावयास हवे. परंतु त्याचा अर्थ क्रांतीच्या मुहूर्तापर्यंत माणसांनी गटारकाठी राहावे, असा करणे हा निव्वळ निर्दयपणा आहे. शिवाय २९८ कुटुंबे एकत्र बसून चौक कोठे असावा, शेजार कोणाचा असावा हे ठरवितात, तेव्हा त्यांना केवळ घर मिळत नाही. आपल्या जीवनाविषयीचा निर्णय आपण घेऊ शकतो, हा अनुभव त्यांना प्रथमच मिळतो. लोकशाहीचे शिक्षण याहून वेगळे काय असते?

म्हणून पुढचा प्रश्न अधिकाराचा आहे. खेड्यातील माणसाला ग्रामसभा आहे. घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने तिला मान्यता दिली. तोच माणूस शहरात आला की त्याची सभा हरपते. ७४ व्या दुरुस्तीने तीन लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या नेमण्याची तरतूद केली, आणि २०११ च्या जनगणनेत नगरची लोकसंख्या साडेतीन लाख होती. महाराष्ट्राने २००९ साली कायद्यात क्षेत्रसभेचीही तरतूद केली. ज्या जिल्ह्यात हिवरे बाजारची ग्रामसभा पिण्याचे आणि पिकाचे पाणी किती वापरावे हे ठरविते, त्या जिल्ह्याच्या मुख्य शहरात वस्तीतील माणसाला आपल्या गल्लीविषयी बोलावयास व्यासपीठ नसावे, ही विसंगती किती काळ चालू द्यावयाची?

दुसरा अधिकार जमिनीचा. प्रधानमंत्री आवास योजना २०१५ साली सुरू झाली, तेव्हा २०२२ पर्यंत सर्वांना घरे देण्याची घोषणा होती. ते वर्ष उलटून गेले आणि मुदती वाढवाव्या लागल्या. २०२४ साली योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला, त्यात वैयक्तिक घरबांधणी, भागीदारीतील घरे, भाड्याची घरे आणि व्याजसवलत असे चार भाग आहेत. वस्तीचे आहे त्याच जागी पुनर्वसन हा पहिल्या टप्प्यातील स्वतंत्र भाग दुसऱ्यात उरला नाही. वैयक्तिक घरबांधणीसाठी अनुदान हवे तर आधी स्वतःच्या नावावर जमीन हवी. ज्याच्याजवळ जमीन नाही म्हणून जो झोपडीत राहतो, त्याला जमिनीचा कागद आण म्हणणे म्हणजे उपाशी माणसाला जेवणाची पावती मागणे होय.

यावर उपाय नाही असे नाही. मध्य प्रदेशाने १९८४ साली शहरातील भूमिहीनांना पट्टे देण्याचा कायदा केला. ओडिशाने २०१७ साली झोपडीवासीयांना जमिनीचा हक्क दिला, आणि तो वारसाकडे जाईल पण विकता येणार नाही अशी अट घातली. ही अट महत्त्वाची आहे. आजारपणात, लग्नात, कर्जात सापडलेल्या कुटुंबाकडून नवे घर सावकाराने किंवा दलालाने कवडीमोलाने लिहून घ्यावे, हे अनेक वसाहतींत घडले आहे. जमीन वस्तीच्या सहकारी संस्थेच्या नावे राहिली आणि घर कुटुंबाकडे, विशेषतः बाईच्या नावे राहिले, तर हा धोका पुष्कळ कमी होतो. सहकाराची जन्मभूमी म्हणविणाऱ्या नगर जिल्ह्याने सहकाराचा हा नवा अर्थ महाराष्ट्राला शिकवावा. मात्र जेथे सभासदांची बैठक होत नाही आणि चार माणसे कारभार बळकावतात, तेथे सहकार कसा कुजतो, हा साखर कारखान्यांचा धडाही विसरता कामा नये.

डॉ. लोहियांनी कार्यकर्त्याच्या हाती फावडे, मत आणि तुरुंग ही तीन साधने दिली होती. घरांच्या प्रश्नात तिन्हींचा उपयोग आहे. वस्तीची पाहणी लोकांकडूनच करवून घेणे, कोण किती वर्षांपासून राहतो याची नोंद करणे, नळ, संडास आणि गटार यांचा नकाशा काढणे हे फावड्याचे काम आहे. ते कोणत्याही अनुदानावाचून उद्या सकाळी सुरू करता येईल. क्षेत्रसभा भरविण्याचे आणि पालिकेची मोकळी जमीन घरांसाठी राखून ठेवण्याचे वचन प्रत्येक उमेदवाराकडून घेणे हे मताचे काम आहे. आणि वस्तीवर बुलडोझर आला तर त्याच्यापुढे बसणे हे तिसऱ्या साधनाचे काम आहे. ते कोणाला चुकलेले नाही.

संजयनगरात वास्तुशिल्पकारांनी वस्तीत बैठका घेऊन घर कसे हवे हे विचारले. तो प्रश्न विचारावयास खरे तर राजकीय कार्यकर्त्याने आधी जावयास हवे होते. तो उशिरा पोहोचला, हे मान्य करावे लागेल. पण नगर जिल्ह्यात आणि महाराष्ट्रात अशा वस्त्या अजून पुष्कळ आहेत, जेथे तो प्रश्न घेऊन कोणीही गेलेले नाही.