रेंदांगला शिट्टी नसते

शनिवारी सकाळी नऊला गॅस पेटवला तो दुपारी दीडला बंद केला. मधल्या साडेचार तासांत एक किलो मांस आणि दोन मोठ्या नारळांचं दूध आटून तळहाताएवढ्या ढिगाऱ्यात बसलं. पदार्थाचं नाव रेंदांग, मुक्काम सुमात्रा बेटाचा पश्चिम किनारा, लोक मिनांगकाबाऊ. २०११ साली सीएनएनने वाचकांचा कौल घेतला तेव्हा जगातला सगळ्यात चविष्ट पदार्थ म्हणून रेंदांग पहिलं आलं होतं. तेव्हापासून जो तो ते करतो, आणि बहुतेक जण अर्ध्यावर सोडून देतात.

अर्ध्यावर म्हणजे काय ते सांगतो. कढईत वाटण, नारळाचं दूध आणि मांस एकत्र उकळायला लागलं की जो पातळ रस्सा दिसतो तो गुलाई. तो आटून दाट, तपकिरी झाला की कालिओ. हॉटेलात रेंदांग म्हणून पुष्कळदा हेच येतं. खरं रेंदांग त्यानंतर सुरू होतं. पाणी संपतं, दूध फुटतं, खोबरेल सुटतं आणि तेच मांस, जे इतका वेळ शिजत होतं, ते आता त्या तेलात परतायला लागतं. कढईत पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही, म्हणून काळसर रंग आणि तो भाजका वास आधी येऊच शकत नाही. शेवटचा पाऊण तास कढईपाशी उभं राहून हलवायचं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. मी नाही ठेवला, आणि तळाला लागलं.

आता कुकरवाल्यांसाठी. कुकरमध्ये मांस अर्ध्या तासात मऊ होतं, मान्य. पण कुकर पाणी कोंडून ठेवतो, आणि इथे सगळं काम पाणी घालवण्याचं आहे. मऊ झालेलं मांस नंतर आटवायला घ्या, त्याच्या दोऱ्या होतात. म्हणजे टेस्ट केस पास, प्रॉडक्ट फेल. असो.

सामान जमवताना मात्र मजा आली. गवती चहा घरच्या कुंडीतला. हळदीची पानं नेहमीच्या भाजीवालीकडे, पातोळ्यांच्या हंगामात मिळतात तीच. रेंदांगमध्येही ती हवीतच. लाल ओल्या मिरच्या, छोटे कांदे, लसूण, आलं, ओली हळद. गलांगल तेवढं शोधावं लागलं. तिकडे आंबटपणासाठी जे सुकं फळ टाकतात ते आपल्या कोकमाच्या कुळातलं, म्हणून मी सरळ दोन आमसुलं टाकली. मलेशियात भाजलेलं खोबरं वाटून घालतात, ते वाचून माझ्यातला मालवणी खूश झाला, पण मी सुमात्राशी इमान राखलं.

आणि मांस. हा विषय निघाला की आपल्याकडे आवाज खाली येतो. 'मोठ्याचं' म्हणतो आपण, नाव घेत नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात गाईबरोबर बैल-वळूंच्याही कत्तलीला बंदी आहे. म्हैस-रेडा त्यात नाहीत. मी कॅम्पातून म्हशीचं आणलं. यात तडजोड वगैरे काही नाही बरं का! मिनांगकाबाऊंकडे रेंदांगला म्हशीचं मांस पूर्वापार चालत आलंय. त्यांच्या नावामागची दंतकथाच जिंकलेल्या रेडकाची आहे, आणि घरांची छपरं शिंगांसारखी वळलेली.

सोमवारी डबा ऑफिसात नेला. सिंगापूरला आठ दिवस राहून आलेला मित्र म्हणाला, "अरे रेंदांग! तिकडे रोज हाणायचो." चमचा पुढे आला. "कशाचं आहे?" म्हटलं, म्हशीचं, कॅम्पातलं. चमचा थांबला. तिकडे त्यानं खाल्लेलं बीफ होतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. परदेशात ते 'लोकल क्विझिन' असतं, कॅम्पातून आलं की त्याला जात चिकटते. मला राग त्याचा नाही आला, कारण मीही घरी सांगताना नुसतं 'मटण' म्हणालो होतो.

रेंदांग मुळात टिकाऊ. मिनांगकाबाऊंकडे घर मुलींच्या नावावर जातं आणि तरुण मुलगे नशीब काढायला बाहेर पडतात. पाणी उडालेलं हे मांस त्यांच्याबरोबर दिवसचे दिवस प्रवास करायचं. पाणी काढून मांस टिकवायची युक्ती आपल्याकडेही आहे. मराठवाड्यात मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवतात, त्या चान्या. शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' वाचेपर्यंत मला हा शब्द माहीत नव्हता. गुलाई, कालिओ, रेंदांग मात्र न अडखळता म्हणता येत होतं. पाचशे किलोमीटरच्या आतली गोष्ट शिकायला मला सुमात्रामार्गे यावं लागलं, याची थोडी लाज वाटते.

उरलेलं फ्रीजमध्ये ठेवलं होतं (आपल्या हवेत बाहेर ठेवण्याचं धाडस करू नका). गुरुवारी काढलं, गरम भाताबरोबर. पहिल्या दिवसापेक्षा कितीतरी चांगलं लागलं. रविवारी आई येतेय, डबा अजून पाव भरलेला आहे, आणि या वेळी तिला मी म्हशीचं आहे असंच सांगणार आहे.